खाडीचा गाळ

आम्ही तुळजापूरची माणसे. समुद्राशी आमचा संबंध पाहुण्यापुरताच. गेल्या सुट्टीत मामांकडे ठाण्याला गेलो होतो. ओहोटीला खाडीचा काळा गाळ उघडा पडला, तसे मी नाक दाबले. मामा म्हणाले, "अरे, कोळ्यांचे पोट यावरच चालते!" मला शरम वाटली. परत आल्यावर त्या गाळाविषयी जे वाचले, ते येथे सांगतो.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६० नंतर कारखाने वाढले. सांडपाण्याबरोबर पारा, शिसे, तांबे, क्रोमियम हे धातू अल्प प्रमाणात खाडीत आले. गोडे पाणी खाऱ्यास मिळाले की मातीचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून तळाशी बसतात. त्यांच्यासवे धातूही बसतात. पालापाचोळा कुजतो, धातू कुजत नाही. म्हणून पाणी स्वच्छ दिसले तरी तळ विषारी असू शकतो.

गाळातील काही जिवाणू पाऱ्याचे रूपांतर मिथिल पाऱ्यात करतात. तो मासळीत साठतो व मासळीतून माणसात येतो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली असाच भयंकर मज्जारोग उघडकीस आला. तेथील गाळ उपसून भराव घालण्याचे काम १९७७ पासून १९९० पर्यंत चालले होते.

आपल्या नळदुर्गची बोरी भीमेला, भीमा कृष्णेला व कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते. विजेरीतले संपलेले सेल ओढ्यात टाकून आपण म्हणतो, "गेले वाहून." मित्रहो, ते कोठे गेले, एवढेच आपण विचारीत नाही.