घर घेताय? पैसा कुठून आला, तेही सांगा

मेलबर्न किंवा सिडनीत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाची कन्व्हेयन्सरशी गाठ पडतेच. करारनामा वाचायचा, मालमत्तेवर बोजा आहे का ते तपासायचं, मुद्रांक शुल्काचा हिशेब मांडायचा आणि सेटलमेंटच्या दिवशी पैसे इकडून तिकडे, मालकी तिकडून इकडे बिनचूक करून द्यायची, हे त्याचं काम. क्वीन्सलंड आणि राजधानी कॅनबेराचा प्रदेश इथे ते फक्त वकील करतात. इतरत्र परवानाधारक कन्व्हेयन्सरही करतात. त्यांची कार्यालयं बहुधा लहान, दोन-चार माणसांची. काळ्या पैशावर नजर ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी १ जुलै २०२६ या तारखेपासून याच छोट्या कार्यालयांवरही टाकण्यात आली आहे.

ऑस्ट्रेलियाचा मनी लाँडरिंगविरोधी कायदा २००६चा. त्यात बँका, कॅसिनो, परदेशी पैसे पाठवणाऱ्या कंपन्या आल्या. वकील, हिशेबनीस, इस्टेट एजंट आणि कन्व्हेयन्सर ‘दुसऱ्या टप्प्या’साठी मागे ठेवले गेले. तो टप्पा जवळपास दोन दशकं रखडला. आर्थिक गुन्ह्यांविरुद्धचे निकष ठरवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५च्या अहवालात या उणिवेवर बोट ठेवलं. तरीही दुरुस्ती कायदा संमत व्हायला नोव्हेंबर २०२४ उजाडला.

पैसे बँकेतूनच येतात, मग वेगळी तपासणी कशाला, असा प्रश्न अनेकांना पडतो. बँकेला खातं आणि रक्कम दिसते. घर कंपनीच्या नावे का घेतलं जातंय, त्या कंपनीमागचा खरा मालक कोण, आयत्या वेळी खरेदीदाराचं नाव का बदललं, हे कागदपत्रं हाताळणाऱ्यालाच दिसतं. शिवाय घरात एका फटक्यात मोठी रक्कम मुरते, वर भाडंही मिळतं. गुन्हेगाराला आणखी काय हवं?

या व्यवस्थेची नियामक संस्था ऑस्ट्रॅक. तिच्याकडे नाव नोंदवणं हा यातला सर्वांत सोपा भाग. ३१ मार्च २०२६ पासून ऑनलाइन नोंदणी खुली. कायद्याच्या कक्षेतली सेवा सुरू केल्यापासून २८ दिवसांची मुदत. म्हणजे १ जुलैलाही काम चालू असलेल्यांसाठी अखेरची तारीख २९ जुलै. नोंदणीला शुल्क नाही. व्यवसायाचा तपशील, मालकी, प्रमुख व्यक्ती आणि दिल्या जाणाऱ्या सेवा यांची माहिती भरायची. पुढे त्यात बदल झाला, तर तो १४ दिवसांत कळवायचा.

खरं काम पुढे आहे. आपल्या ग्राहकांत आणि व्यवहारांत धोका कुठे आहे, याचं लेखी मूल्यमापन हवं. त्यानुसार कार्यपद्धती ठरवायची, व्यवस्थापनातल्या एका व्यक्तीला अनुपालन अधिकारी नेमायचं, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं. एकट्याने व्यवसाय करणाऱ्याला ही सगळी पदं स्वतःच भूषवावी लागतात! १०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त रोकड घेतली, तर दहा कामकाजाच्या दिवसांत कळवायचं. संशय आला तर तीन कामकाजाच्या दिवसांत, आणि दहशतवादी निधीचा संशय असेल तर २४ तासांत अहवाल पाठवायचा. नोंदी सात वर्षं जपायच्या.

सगळ्यात अवघड आहे ते गप्प राहणं. संशयाचा अहवाल गेल्याचं सांगून तपासाला बाधा आणणं हा गुन्हा आहे. ज्याच्याकडून फी घेतली, त्याच्याविषयी सरकारला कळवायचं आणि त्याच्याशी बोलताना चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, ही कसरत या व्यवसायाला नवी आहे.

भारतातही असंच पाऊल उचललं गेलं आहे. सनदी लेखापाल, कंपनी सचिव आणि परिव्यय लेखापाल ग्राहकाच्या वतीने स्थावर मालमत्तेची खरेदी-विक्री करत असतील, तर मे २०२३च्या अधिसूचनेने त्यांना ‘पीएमएलए’ या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणलं आहे. त्या यादीत वकील नाहीत.

ऑस्ट्रेलियातल्या या बदलातून मराठी खरेदीदारांनी घ्यायचा धडा साधा आहे. घराच्या रकमेत अनेकदा पुण्या-नाशिकच्या आईवडिलांनी दिलेला पैसा असतो किंवा भारतातला फ्लॅट विकून आलेला. तो पूर्णपणे कायदेशीर असला, तरी कागदाविना तो कन्व्हेयन्सरला प्रश्नांकित वाटू शकतो. आईवडिलांनी परदेशी पैसे पाठवण्याच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली (एलआरएस) पैसे पाठवले असतील (मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलर), तर बँकेची पावती आणि बक्षीसपत्र जपून ठेवा. फ्लॅट विकला असेल, तर विक्रीचं नोंदणीकृत खरेदीखत, अनिवासी भारतीयांच्या एनआरओ खात्याचा उतारा आणि पैसे परदेशी पाठवताना भरलेल्या करविषयक फॉर्मच्या प्रती फायलीत लावा. कन्व्हेयन्सरने हे कागद मागितले, तर तो तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही. व्यवहारात जास्त धोका दिसला, तर कायद्याने त्याला विचारणं भाग आहे. सेटलमेंटच्या आदल्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा घर शोधायला लागतानाच ही फाइल तयार करा.