सिमेंटचे पत्रे उतरविण्यापूर्वीं द्यावयाची लेखी सूचना

पीक घरांत येऊन हातांत चार पैसे आले, कीं जुना गोठा पाडून नवा बांधावा, गोदामाचें छप्पर बदलावें, राजापेठेंतील वडिलोपार्जित घराच्या जागीं पक्की इमारत उठवावी, असे बेत पुष्कळ शेतकरी बंधूंच्या मनांत येतात. विटा, लांकूड व मजुरी ह्यांचा हिशेब प्रत्येक जण करतो. परंतु पाडावयाच्या छपरांत काय आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

आपण ज्यांस सिमेंटचे पत्रे म्हणतों, ते जुन्या छपरांवर बहुधा एसबेस्टॉस नांवाच्या खनिजाचे तंतु सिमेंटांत मिसळून केलेले असतात. पत्रा शाबूत असतो तोंवर तंतु आंत बांधलेले राहतात. तो फोडला, कापला किंवा वरून खालीं टाकला, म्हणजे डोळ्यांस न दिसणारी धूळ उडते आणि श्वासाबरोबर फुप्फुसांत जाऊन रुतून बसते. तिच्यापासून होणारा कर्करोग बहुधा २० ते ४० वर्षांनीं प्रकट होतो. आज पत्रे फोडणाऱ्या तरुण सालदारास त्याचें फळ उतारवयांत भोगावें लागतें, आणि तोंपर्यंत कारण कोणाच्या स्मरणांतही राहत नाहीं.

म्हणूनच सर्वोच्च न्यायालयानें २७ जानेवारी १९९५ रोजीं असा निकाल दिला, कीं एसबेस्टॉसच्या कारखान्यांनीं प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षें, अथवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षें, ह्यांपैकीं जी मुदत उशिरां संपेल तोंपर्यंत ठेवावी. आपल्या गोठ्यावर चढणाऱ्या मजुराची अशी नोंद कोणी ठेवीत नाहीं.

अमेरिकेंत कारखाने, दुकानें व मोठ्या चाळी पाडावयाच्या झाल्यास निदान १० कामाचे दिवस आधीं सरकारी खात्यास लेखी सूचना द्यावी लागते. इमारतींत एसबेस्टॉस नसला तरीही ती चुकत नाहीं. इंग्लंडांत अधिक धोक्याच्या कामास परवाना लागतो व १४ दिवसांची सूचना लागते. आपल्याकडे घरच्या छपरासाठीं असा एकच छापील अर्ज नाहीं. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत टाकून दिलेल्या एसबेस्टॉसचें नांव आहे. पण तें ह्या मालाच्या कारखान्यांच्या सदराखालीं आहे. ह्यावरून आपणांवर कांहींच जबाबदारी नाहीं, असा अर्थ काढणें घातक होय. छापील अर्ज नसेल तर धन्यानें स्वतःच कागद लिहावा. कारण सूचनेचा खरा उपयोग हाच, कीं हातोडा उचलण्यापूर्वीं प्रत्येक गोष्ट ठरवून टाकावी लागते.

त्या कागदांत पुढील गोष्टी याव्यात. पहिली, धन्याचें नांव, जागा व घरक्रमांक. दुसरी, इमारत केव्हां बांधली व पत्रे कोणत्या सालीं घातले. तिसरी, पत्र्यांचें माप. उदाहरणार्थ, ३ मीटर लांब व १.०५ मीटर रुंद असे ४० पत्रे असल्यास १२६ चौरस मीटर लिहावे. फुटके पत्रे निराळे मोजावे. चौथी, कामाच्या आरंभाची व शेवटाची तारीख. ती बदलल्यास पुन्हा कळवावें. पांचवी, ठेकेदाराचें नांव व मजुरांची संख्या. सहावी, कामाची रीत. सातवी, उतरविलेला माल कोठें व कोणत्या गाडीनें जाणार.

राजापेठेंतील घराविषयींची सूचना महानगरपालिकेच्या आयुक्तांच्या नांवें द्यावी. घर पडावयास आलें असल्यास महानगरपालिका अधिनियमाच्या २६४ व्या कलमान्वये तें खालीं करण्याची वा पाडण्याची नोटीस येऊं शकते. ती बाजूस ठेवूं नये. ३० ऑक्टोबर २०२२ रोजीं अमरावतींत प्रभात टॉकीजजवळ मोडकळीस आलेली इमारत कोसळून ५ माणसें दगावलीं, हें आपण जाणतांच. खेड्यांतील गोठ्याविषयीं ग्रामपंचायतीस लिहावें व इमारत पाडल्यावर नमुना ८ मधील नोंद दुरुस्त करून घ्यावी, म्हणजे नसलेल्या घराचा कर भरावा लागणार नाहीं. दोन्ही ठिकाणीं पोंच घेतल्यावांचून कचेरी सोडूं नये.

सूचनेची एक प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अमरावती कार्यालयास देऊन विल्हेवाट कशी लावावी, हें लेखी विचारावें. विदर्भासाठीं घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीचें सामाईक स्थान नागपूरजवळ बुटीबोरी येथें आहे. माल घातक कचरा म्हणून तेथें पाठवावयाचा झाल्यास नियमांतील नमुना १० चें वाहतूक-चलन लागतें. माल पोंचल्याची सही झालेली प्रत जपून ठेवावी.

कामाच्या रीतींत असें लिहावें व तसेंच करावें: पत्रे पाण्यानें भिजवावे, नटबोल्ट सोडवून अखंड उतरवावे, आणि जाड प्लास्टिकांत गुंडाळावे. कोरडा झाडू मारूं नये. तोंडास बांधलेला रुमाल ही धूळ अडवीत नाहीं. बारीक कणांसाठीं केलेला मुखवटाच द्यावा. जुन्या पत्र्यावर थेट पाय ठेवल्यास तो मोडून माणूस खालीं पडतो, म्हणून फळ्या टाकून त्यांवरूनच वावरावें.

पांदण रस्त्यांतील खड्डे ह्या तुकड्यांनीं बुजविण्याची रीत मात्र सर्वथा सोडावी. ट्रॅक्टरच्या चाकांखालीं ते वर्षानुवर्षें दळले जातात, आणि जी धूळ एका दिवसांत बांधून टाकतां आली असती, तींतून आपलीं मुलें व गुरें रोज ये-जा करतात. दोन पानांचा कागद लिहिण्यास एक संध्याकाळ पुरते; तेवढी संध्याकाळ प्रत्येक धन्यानें ह्या कामीं खर्च करावी.