नागपाड्याचा वारसा आणि नया नगरची मुले

परदेशातील एखाद्या सामुदायिक केंद्रात काही आठवडे राहून तेथील मुलांना शिकवण्याची आणि त्यांच्याशी खेळण्याची स्वयंसेवा गेल्या काही दशकांत जगभर लोकप्रिय झाली असून, त्यासाठी शुल्क घेऊन पाश्चात्त्य तरुणांना आशिया-आफ्रिकेत पाठवणाऱ्या कंपन्यांचा स्वतंत्र व्यवसायही उभा राहिला आहे. या स्वयंसेवेमागील कल्पनेचा उगम मात्र वेगळ्या, अधिक कष्टाच्या परंपरेत आहे, आणि त्या परंपरेचा एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत, नागपाड्यात घडला. मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेकडील नया नगरमध्ये आज राहणाऱ्या अनेक कुटुंबांची मुळे मुंबईच्या अशाच जुन्या, दाट मुस्लिम वस्त्यांत असल्यामुळे हा इतिहास त्या वस्तीला परका नाही.

लंडनच्या पूर्व भागातील गरीब वस्तीत १८८४ साली सॅम्युएल आणि हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याने टॉयन्बी हॉल ही संस्था सुरू केली. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमधील सुशिक्षित तरुणांनी वस्तीला केवळ भेट न देता तेथे मुक्काम करावा, शेजाऱ्यांसारखे राहावे आणि त्यातून शिक्षणाचे व मदतीचे काम उभे करावे, अशी तिची धारणा होती. अशा संस्थेला ‘सेटलमेंट हाउस’, म्हणजे सेवाभावी कार्यकर्त्यांनी वस्तीतच वसवलेले घर, असे म्हणत. शिकागोमध्ये जेन अॅडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये उभारलेल्या हल हाउसमध्ये स्थलांतरित कामगारांच्या मुलांसाठी बालवाडी आणि खेळाचे मैदान यांना अग्रस्थान मिळाले. पुढे १९३१ साली अॅडम्स यांना शांततेचे नोबेल पारितोषिक लाभले.

शिकागो विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकी धर्मोपदेशक १९२५ मध्ये अमेरिकन मराठी मिशनमार्फत मुंबईला आले आणि १९२६ साली त्यांनी नागपाडा नेबरहुड हाउस, म्हणजे वस्तीचे शेजारघर, स्थापन केले. गिरणी आणि इतर कारखान्यांतील कामगार, छोटे व्यापारी, मुसलमान, ज्यू आणि ख्रिस्ती कुटुंबे असा तो मिश्र परिसर होता, कामाठीपुरा लागूनच होता आणि मुलांना रस्त्यावाचून दुसरी जागा क्वचितच मिळत असे. त्यांच्यासाठी धर्म न विचारता उघडे असणारे, वाचन, व्यायाम आणि खेळ एका छताखाली आणणारे ठिकाण वस्तीच्या मधोमध उभे राहणे हे त्या काळात फार मोठे पाऊल होते. याच वास्तूत १९३६ साली वीस विद्यार्थ्यांसह सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले, मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक झाले, आणि आज देवनारला असलेली टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस त्यातूनच वाढली. भारतातील व्यावसायिक समाजकार्य-शिक्षणाचा आरंभ अशा रीतीने एका वस्तीकेंद्रात झाला.

नागपाड्यातील मुलांवर सर्वात खोल ठसा उमटला तो बास्केटबॉलचा. अमेरिकी मिशनऱ्यांनी आणलेला हा खेळ वस्तीने इतका आपलासा केला की हा परिसर भारतीय बास्केटबॉलचे माहेरघर मानला जाऊ लागला. येथेच वाढलेले अब्बास मुंतासिर पुढे भारतीय संघाचे कर्णधार झाले आणि त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. बाहेरच्याने दिलेली वस्तू तिथल्या लोकांनी स्वतः पुढे नेली, हेच यातले मोलाचे आहे. मिशनरी गेले तरी खेळ राहिला, कारण मोठी मुले धाकट्यांना शिकवत राहिली.

अल्पकालीन परदेशी स्वयंसेवेत नेमके हेच घडत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी नवा चेहरा येतो, लहान मूल त्याला जीव लावते आणि तो निघून जातो, हे चक्र मुलाला अनेकदा सोसावे लागते. कंबोडिया आणि नेपाळमध्ये तर पाहुण्यांच्या देणग्यांसाठी, आईवडील हयात असलेल्या मुलांनाही अनाथालयांत ठेवले गेल्याचे उघड झाले, आणि अशा प्रकारास आधुनिक गुलामगिरीचा भाग मानणारी भूमिका ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये घेतली. चांगल्या हेतूने दिलेला वेळही मुलांना इजा करू शकतो, हे मान्य करणे कठीण असले तरी आवश्यक आहे.

याउलट, शेजारच्याच माणसाने दिलेला वेळ किती उपयोगी ठरतो याचा पुरावा मुंबईतच आहे. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांच्या पुढाकाराने १९९४ साली उभ्या राहिलेल्या ‘प्रथम’ संस्थेने वस्तीतील दहावी-बारावी झालेल्या मुलींना थोडे प्रशिक्षण व अल्प मानधन देऊन ‘बालसखी’ म्हणून शाळांत पाठवले. वर्गात मागे पडलेल्या साधारण पंधरा-वीस मुलांना त्या रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून वाचन आणि अंकगणित शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आदी अर्थशास्त्रज्ञांनी मुंबई आणि वडोदऱ्यात केलेल्या अभ्यासात मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ आढळली. परदेशी प्रवास नाही, मोठी पदवी नाही. मुलाची भाषा येणारी, त्याची गल्ली माहीत असलेली आणि उद्याही येणारी मुलगी, एवढेच त्या यशाचे भांडवल होते.

नया नगरलाही शेजारच्याच माणसांनी चालवलेल्या अशा वस्तीकेंद्राची गरज आहे. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबई सोडून सुरक्षित जागा शोधणारी अनेक कुटुंबे मीरा रोडला स्थिरावली आणि १९९१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. एवढ्या वेगाने वाढलेल्या शहरात मुलांच्या वाट्याला मैदान, अभ्यासिका आणि बसायला शांत कोपरा कमीच येतो. जानेवारी २०२४ मध्ये या परिसरात झालेल्या धार्मिक तणावानंतर, वेगवेगळ्या घरांतील मुले एकत्र खेळतील अशा जागेचे महत्त्व अधिकच कळते. अशा केंद्रासाठी सोसायटीचा हॉल किंवा सुटीच्या दिवशी शाळेची खोलीही पुरते, मात्र तेथे येणाऱ्या प्रत्येक प्रौढाची पडताळणी आणि मुलांच्या सुरक्षिततेचे लेखी नियम यांत कोणतीही सवलत नसावी. २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या, कायद्याखालील २०२० च्या नियमांत मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांना कर्मचाऱ्यांच्या पोलीस पडताळणीचे बंधन घातलेले आहे.

मीरा रोडच्या महाविद्यालयीन तरुण-तरुणींनी आणि निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातील दोन ठरावीक संध्याकाळी, निदान एक पूर्ण शैक्षणिक वर्षभर, आपल्याच वस्तीतील मुलांसाठी राखून ठेवाव्यात, आणि ते वर्ष संपण्यापूर्वी आपल्या जागी दुसरे कोणी तयार करावे.