गोल सळईतील आडवे भोक : एक क्रिया आणि तिची परिभाषा

सपाट पट्टीला भोक पाडणे आणि गोल सळईला आडवे भोक पाडणे या दोन क्रिया वरकरणी एकच भासतात. घरच्या लहानशा कार्यशाळेत प्रथमच हे काम हाती घेणारा मनुष्य त्या एकच समजतो, आणि पहिल्याच प्रयत्नात त्याची समजूत खोटी ठरते. वरच्या बाजूस भोक नेमके मध्यावर आल्यासारखे दिसते. सळई उलटी करून पाहावी तर खालचे तोंड एका अंगाला सरकलेले असते. ही चूक हाताची असते तितकीच शब्दाचीही असते, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आडव्या भोकाचा उपयोग फार जुना आहे. रथाचे चाक आसावरून निसटू नये म्हणून आसाच्या टोकातील आडव्या भोकात खीळ घालीत. तिला ऋग्वेदाच्या भाषेत 'आणि' असे नाव आहे. (मराठीतील 'आणि' या उभयान्वयी अव्ययाशी तिचे केवळ उच्चारसाम्य आहे.) तीच रचना आजही चालू आहे. नागपूरच्या मोतीबागेत २००२ मध्ये नॅरो गेज रेल्वेचे संग्रहालय सुरू झाले. तेथे मांडलेल्यांसारख्या जुन्या गाड्यांखालील ब्रेकचे दांडे ज्या गोल पिनांनी जोडतात, त्या पिना जागेवरून सरकू नयेत म्हणून त्यांच्या टोकाशी आडवे भोक पाडून त्यात दुपाखी खीळ बसवितात. अशा पिनेचे भोक मध्यावरून ढळले तर काय होते, ते अंकांत पाहता येईल. १२ मि.मी. व्यासाच्या पिनेत ३ मि.मी.चे भोक नेमके मध्यातून गेले, तर दोन्ही अंगांस ४.५ मि.मी. धातू राहतो, भोक १ मि.मी.ने सरकले की एका अंगास ३.५ व दुसऱ्या अंगास ५.५ मि.मी. उरतो. धक्के बसू लागले की पिनेची दुबळी बाजूच प्रथम दगा देते.

नागपूरच्या कारागिराच्या तोंडी या कामासंबंधी जी सूचना असते ती दोन शब्दांची : "सरळ मार." 'भोक पाडणे' या मराठी प्रयोगाच्या जागी 'होल मारणे' हा प्रयोग येथील कारखान्यांत रुळला आहे, आणि त्यात हिंदीचा संस्कार स्पष्ट आहे, परंतु तो प्रश्न गौण होय. खरी अडचण 'सरळ' या विशेषणात आहे. भोक सळईच्या अक्षाशी काटकोनात असावे, ही एक अट. ते त्या अक्षाला छेदून जावे, ही दुसरी. या दोन अटी परस्परांपासून सर्वस्वी स्वतंत्र आहेत. भोक अक्षाशी काटकोनात असूनही अक्षाच्या बाजूने निघून जाऊ शकते. तसेच ते अक्षाला छेदूनही तिरपे असू शकते. 'सरळ' हा शब्द दोन्हींना लावला जातो. त्यामुळे शिकाऊ मुलगा गुण्या लावून ड्रिल टेबलाशी काटकोनात आहे की नाही एवढेच तपासतो आणि दिलेली सूचना पाळल्याच्या समाधानात चुकीचे भोक पाडतो.

पारिभाषिक शब्दांच्या प्रश्नाशी नागपूरचा संबंध जुना आहे. डॉ. रघुवीर यांची सरस्वती विहार ही संस्था स्वातंत्र्याच्या सुमारास लाहोरहून येथे आली व संस्कृत धातूंना उपसर्ग-प्रत्यय जोडून शास्त्रीय संज्ञा घडविण्याचे त्यांचे प्रचंड कार्य काही वर्षे येथूनच चालले. त्या कार्याविषयी मतभेद असोत. परंतु कार्यशाळेपुरते पाहिले तर उणीव नामांची नव्हती. नामे कारागिराने केव्हाच मिळविली होती. 'गिरमिट' हा शब्द इंग्रजी 'गिम्लेट'चे रूपांतर मानला जातो (करारबद्ध मजुरांचे 'गिरमिट' निराळे; ते 'ॲग्रीमेंट'पासून आले). पंच, चक, बुश, लेथ हे शब्द तर जसेच्या तसे आले. उणीव होती ती दोन प्रकारच्या सरळपणांत भेद करणाऱ्या विशेषणाची, आणि नामांचा कोश कितीही मोठा झाला तरी ती भरून निघत नाही.

आता ड्रिल मध्यावरून का ढळते ते पाहू. सामान्य ड्रिलच्या टोकाचा कोन ११८ अंशांचा असतो, आणि अगदी टोकाला धार नसून एक आखूड बोथट कड असते. ती धातू कापीत नाही. खरवडून दूर सारते. सपाट पृष्ठावर ही कड आहे तेथेच टिकते. गोल पृष्ठावर मात्र माथ्याची एक रेषा सोडली तर सर्वत्र उतार आहे. १२ मि.मी. व्यासाच्या सळईवर टोक माथ्यापासून अर्धा मि.मी. चुकले की त्याच्याखालचा उतार सुमारे ४.८ अंशांचा होतो. चूक १ मि.मी. झाली की तो ९.६ अंशांवर जातो. उतारावर टेकलेले टोक खाली घसरते आणि घसरल्यामुळे त्याच्याखालचा उतार वाढतो. चूक स्वतःला पोशीत जाते. म्हणून सारा भर टोक टेकण्यापूर्वीच्या तयारीवर हवा.

माथा शोधण्याची कारागिरांची एक युक्ती विशेष उल्लेखनीय आहे. सळई आडवी ठेवून तिच्यावर पोलादी मोजपट्टी तिच्याशी आडवी धरावी, चकमध्ये टोकदार सळई बसवून ती हळूच खाली आणावी आणि पट्टी त्या टोकाखाली अलगद चिमटावी. टोक माथ्यावर असेल तर पट्टी समतल राहते. नसेल तर ती एका अंगाला कलते. हिचे सामर्थ्य साध्या भूमितीत आहे. १५० मि.मी. लांबीच्या पट्टीचा प्रत्येक बाहू ७५ मि.मी., सळईची त्रिज्या ६ मि.मी.; म्हणजे चूक पट्टीच्या टोकाशी साडेबारा पट होऊन दिसते. अर्ध्या मि.मी.ची चूक असता पट्टीच्या दोन टोकांच्या उंचीत १२.५ मि.मी.चा फरक पडतो. मिस्त्रीच्या मापात सांगावयाचे तर जवळजवळ चार सूत, कारण एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढा फरक चष्मा विसरलेल्या माणसालाही दिसेल.

पट्टीने प्रत्येक वेळी माथा शोधावा लागतो. त्याऐवजी व्ही-ब्लॉक एकदाच नीट बसविला तर काम कायमचे सोपे होते. व्ही आकाराच्या खाचेत कोणत्याही व्यासाची सळई ठेवली, तरी तिचा अक्ष खाचेच्या मध्यप्रतलातच येतो. हा त्या आकाराच्या समानतेचा परिणाम होय. म्हणून ड्रिल त्या मध्यप्रतलात आणणे एवढेच उरते. चकमध्ये शंकूच्या आकाराचे टोक असलेली जाड सळई धरून ती खाचेत उतरवावी. शंकू दोन्ही उतारांना सारखा टेकला की ब्लॉक टेबलाला घट्ट आवळावा. ही झाली छेदण्याची अट. काटकोनाची अट टेबलावर अवलंबून असते. टेबल एक अंशाने कलले असेल तर १२ मि.मी. खोलीत भोकाचे खालचे तोंड सुमारे ०.२ मि.मी.ने सरकते. हातात धरलेल्या ड्रिलयंत्राकडून यापेक्षा बऱ्यापैकी कामाची अपेक्षा करू नये.

यानंतरही लांब व बारीक ड्रिल वाकतेच. आरंभ आखूड व ताठ अशा सेंटर ड्रिलने करावा. ३ मि.मी.चे हायस्पीड ड्रिल मऊ पोलादात मिनिटाला २५ मीटर या कर्तनवेगाने चालवावयाचे तर सुमारे २६५० फेरे पडतात. घरच्या यंत्राला तितकी गती नसल्यास दाब बेताचा ठेवावा, तेल घालावे, आणि कीस बाहेर काढण्यासाठी ड्रिल वारंवार वर उचलावे. टोक खालून बाहेर पडते त्या क्षणी ड्रिल अडकून ओढले जाते. बारीक ड्रिले मोडतात ती बहुधा तेथेच. अर्धे भोक एका बाजूने व अर्धे दुसऱ्या बाजूने पाडण्याची घाईची पद्धत व्ही-ब्लॉकवरही धोक्याची आहे, कारण सळई उलटताना ती अक्षाभोवती नेमकी १८० अंशच फिरली याची खात्री कोणीच देत नाही. नागपूरच्या उन्हाळ्याची मात्र चिंता नको : पारा पस्तीस अंशांनी चढला तरी १२ मि.मी.ची सळई पाच सहस्रांश मि.मी.एवढीच फुगते.

एकाच मापाच्या अनेक पिना करावयाच्या असतील तर सळईच्या मापाचे भोक आणि त्याला छेदणारे वाटाड्या भोक असलेला ठोकळा लेथवर करून घेणे फायद्याचे ठरते. सळई त्यात सैल बसता कामा नये. ०.२ मि.मी. सैलपणा म्हणजे कोणत्याही अंगास ०.१ मि.मी.ची चूक.

आणखी एक अट राहिली. एकाच सळईच्या दोन टोकांना दोन भोके हवी असली, तर ती परस्परांशी कोणत्या कोनात असावीत हा प्रश्न येतो. पहिल्या भोकात घट्ट बसणारी लांब पिन घालावी. दुसरे भोक समांतर हवे असेल तर ती पिन गुण्याला लावून उभी करावी. काटकोनात हवे असेल तर ती आडवी करून तिच्या दोन्ही टोकांची टेबलापासूनची उंची सारखी करावी. या कोनाला कार्यशाळेत स्वतंत्र नाव नाही. तेथे "पहिल्या होलाच्या लाइनीत" किंवा "लाइनीच्या आडवं" एवढेच म्हणतात, आणि ते ऐकून मुले बरोबर काम करतात. कारण येथे दिशा कशाच्या संदर्भात मोजावयाची ते त्या वाक्यातच सांगितलेले असते.