बिल्ड हिरवा, बिल मात्र नापास

पुण्यात बसून रियाध, जेद्दा, दम्मामच्या ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर लिहिणं हे आपल्याकडच्या अनेक घरांतलं आता रोजचं काम आहे. त्यातलं बिलिंगचं काम गेल्या काही वर्षांत फार नाजूक झालं. सौदी अरेबियात ४ डिसेंबर २०२१ पासून ई-बिल सक्तीचं झालं. १ जानेवारी २०२३ पासून कंपन्यांच्या प्रणाली टप्प्याटप्प्याने थेट कर प्राधिकरणाच्या ‘फातूरा’ व्यवस्थेला जोडल्या जाऊ लागल्या. तिथलं बिल म्हणजे ठरलेल्या साच्यातली एक्सएमएल फाइल. तिच्यात आधीच्या बिलाचा हॅश असतो, डिजिटल सही असते, क्यूआर कोड असतो. मजकुरातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं, तरी हॅश बदलतो.

हे सॉफ्टवेअर रोज तपासून घ्यायचं काम सीआय सर्व्हर करतो. बहुतेक ठिकाणी तो जेन्किन्स असतो. कोणी कोड पाठवला की जेन्किन्स तो उतरवून घेतो, मेव्हन किंवा ग्रेडलला हाक मारतो, चाचण्या चालवतो, नमुना बिलं तयार करवतो आणि प्राधिकरणाने दिलेल्या एसडीकेकडून ती तपासून घेतो. या सर्व्हरवर बिल्ड टूल कसं बसवायचं याबद्दलचे काही समज इतके पक्के झालेत, की चुकीची बिलं ग्राहकापर्यंत जाईस्तोवर कोणाला शंकाही येत नाही.

सर्वांत पक्का समज असा: ‘जेन्किन्स ज्या जाव्हावर चालतो, त्याच जाव्हावर आपला प्रोजेक्ट चालणार.’ या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या २.४७९.१ या दीर्घकालीन आवृत्तीपासून जेन्किन्सला आणि बिल्ड प्रत्यक्ष चालवणाऱ्या त्याच्या एजंटला किमान जाव्हा १७ लागू लागली. उलट सौदी प्राधिकरणाच्या एसडीकेच्या सूचनापत्रात अट आहे ती जाव्हा ११ किंवा पुढची, पण १५ च्या आतली. म्हणजे एकाच यंत्रावर दोन जाव्हा नांदवाव्या लागतात. जेन्किन्स अद्ययावत केला, एजंटवर १७ बसवली, जुनी काढून टाकली, की एसडीकेची पायरी अडते. मग आठवडाभर कोडमधली चूक शोधली जाते, जी कोडमध्ये नसतेच.

यावर उपाय जेन्किन्समध्येच आहे. ‘मॅनेज जेन्किन्स’मधल्या ‘टूल्स’ या पानावर जेडीके, मेव्हन, ग्रेडल यांच्या याद्या असतात. तिथे प्रत्येकाला नाव द्यायचं, कुठे बसवलंय ते सांगायचं किंवा आपोआप बसवायला सांगायचं, आणि पाइपलाइनमध्ये त्या नावाने ते मागवायचं. नाव मात्र तंतोतंत जुळावं लागतं. यादीत ‘मेव्हन ३’ आणि पाइपलाइनमध्ये ‘मेव्हन३’ असेल, तर मधल्या रिकाम्या जागेपायी असं टूल नोंदवलेलंच नाही म्हणून बिल्ड सुरुवातीलाच थांबतो. हे थांबणं चांगलं. धोका आहे तो टूलचं नावच न देणाऱ्या पाइपलाइनमध्ये, कारण मग एजंटच्या पाथमध्ये जे पहिलं सापडेल ते चालतं आणि कोणी तक्रारही करत नाही. पाइपलाइन लिहिताना एसडीकेची पायरी वेगळी काढावी आणि तिच्यापुरती ११ द्यावी. बाकी प्रोजेक्टला त्याची स्वतःची जाव्हा द्यावी.

दुसरा समज याहून फसवा आहे: ‘पॉम फाइलमध्ये सोर्स एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहिलं, आता अरबीची काळजी नको.’ ती ओळ हवीच. पण ती मेव्हनला एवढंच सांगते की सोर्स आणि रिसोर्स फाइली कशा वाचायच्या. चाचणी चालू असताना प्रोग्रॅम स्वतः एखादी फाइल उघडतो किंवा लिहितो, तेव्हा एन्कोडिंग वेगळं सांगितलेलं नसेल तर जाव्हा आपलं मूळचं वापरते. जाव्हा १८ पासून, म्हणजे मार्च २०२२ पासून, ते मूळचंच यूटीएफ-८ झालं. त्याआधीच्या जाव्हा ते ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतात, आणि एसडीकेची अट तर १५ च्या आतली. लॅपटॉपवर सिस्टिमच यूटीएफ-८ असेल, तर सगळं सुरळीत दिसतं. सर्व्हरवर बिल्ड एखाद्या छोट्या लिनक्स कंटेनरमध्ये चालतो. तिथे लोकेल कोणी ठेवलेलं नसतं, म्हणून एन्कोडिंग साध्या आस्कीवर येतं. सौदी कर-बिलात अरबी मजकूर बंधनकारक आहे. आस्कीत अरबी अक्षर मावत नाही, त्याच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. विक्रेत्याच्या नावाची प्रश्नचिन्हं झाली की हॅशही त्या प्रश्नचिन्हांचाच निघतो. चाचणी फक्त ‘हॅश आहे का’ एवढंच बघत असेल, तर बिल्ड हिरवा होऊन मोकळा होतो.

यावर अनेकजण चटकन सांगतात, ‘एन्कोडिंग मेव्हन ऑप्ट्समध्ये टाक ना.’ हाही गैरसमजच. मेव्हन ऑप्ट्स हे मेव्हनच्या स्वतःच्या जेव्हीएमसाठी असतं. चाचण्या चालवणारं शुअरफायर प्लगइन मूळच्या मांडणीत वेगळी जेव्हीएम उभी करतं आणि तिच्यापर्यंत हे पोचत नाही. तिला सांगायचं तर शुअरफायरच्या ‘आर्गलाइन’मध्ये सांगावं लागतं. ग्रेडलमध्येही डेमनची सेटिंग वेगळी आणि टेस्ट टास्कची वेगळी. सगळ्यांना एकदम कळवायचं असेल, तर एजंटच्या किंवा कंटेनरच्या पर्यावरणातच यूटीएफ-८ लोकेल ठेवणं सरळ पडतं.

इथे आणखी एक गफलत होते. यूटीएफ-८ ठेवताना ‘ग्राहक सौदी, म्हणून लोकेलही सौदी अरबी ठेवू’ असा विचार केला जातो. बिल्ड सर्व्हर तटस्थ ठेवावा. डॉटनेटमध्ये सौदी अरबी कल्चर लावलं की तारखेचं मूळचं कॅलेंडर उम्म अल-कुरा, म्हणजे हिजरी होतं. २६ जून २०२५ हा दिवस तिथे १ मुहर्रम १४४७ म्हणून छापला जाईल. फातूराच्या बिलात तारीख इंग्रजी कॅलेंडरची लागते. जाव्हात तारीख अशी आपोआप बदलत नाही. पण जाव्हा ९ पासून आलेल्या लोकेल-माहितीमुळे सौदी लोकेलमध्ये स्ट्रिंग फॉरमॅटने छापलेले आकडे अरबी लिपीत येऊ शकतात, आणि रकमेच्या चौकटीत ते चालत नाहीत. सौदी लोकेलची चाचणी जरूर हवी. ती मुद्दाम लिहिलेली, तेवढ्यापुरती असावी. सगळा सर्व्हर त्या लोकेलवर नको.

हे सगळं डोळ्यांनी बघायचा साधा मार्ग म्हणजे प्रत्येक बिल्डच्या पहिल्या पायरीत मेव्हनला त्याची आवृत्ती विचारणं. त्याच्या उत्तरात आवृत्तीबरोबर मेव्हन कुठे आहे, जाव्हा कोणती आणि कोणाची, मूळ लोकेल काय, एन्कोडिंग काय, ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, हे सगळं काही ओळींत येतं. लॅपटॉपवरच्या आणि सर्व्हरवरच्या या ओळी शेजारी ठेवल्या की निम्मे वाद तिथेच मिटतात. हे करायला कंटाळणारे लोक पाहिले की मला खरोखर वाईट वाटतं.

‘रॅपर आहे, मग सर्व्हरवर काहीच बसवायला नको’ हे अर्धंच खरं. रॅपर मेव्हन-ग्रेडलची आवृत्ती पक्की करतो. जाव्हा तो सहसा पर्यावरणातूनच घेतो, आणि टूल इंटरनेटवरून उतरवतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रात एसएमडब्ल्यू-४ आणि आयएमईडब्ल्यूई या केबलांमध्ये बिघाड झाला आणि भारतापासून आखातापर्यंत इंटरनेट मंदावलं. या दोन्ही केबल मुंबईला येतात. अशा वेळी सगळ्या लायब्ररी दर वेळी बाहेरून आणणारा बिल्ड रखडतो. घरची नेक्सससारखी रिपॉझिटरी असेल, तर उतरवून ठेवलेलं तरी हाताशी राहतं. मेव्हनच्या सेटिंग्ज फाइलमध्ये तिला मिरर म्हणून नोंदवावं, रॅपरमधला टूलचा पत्ताही तिकडे वळवावा आणि त्याच्या शेजारी चेकसमही लिहावा.

या घरच्या रिपॉझिटरीचा पत्ता एचटीटीपीएस असावा. २०२१ च्या मेव्हन ३.८.१ पासून साध्या एचटीटीपीवरच्या बाहेरच्या यंत्रांवरील रिपॉझिटरी मूळच्या मांडणीतच अडवल्या जातात, मग ते यंत्र ऑफिसातलं का असेना. ती अडवणूक काढून टाकायचा सल्ला सर्रास मिळतो. तो मानू नये. प्रमाणपत्र घरचं असेल, तर ते जाव्हाच्या विश्वासू यादीत घालावं. ही यादी सहसा प्रत्येक जेडीकेची स्वतंत्र असते, म्हणून ११ मध्येही घालावं आणि १७ मध्येही.

गुपितांबद्दल थोडक्यात. जेन्किन्स लॉगमध्ये पासवर्ड चांदण्यांनी झाकतो, म्हणून तो सुरक्षित आहे असं नाही. तोच मजकूर बेस-६४ मध्ये छापला गेला, तर झाकला जाईलच याची खात्री नाही. सही करायची खरी खाजगी किल्ली बिल्डला लागतच नाही. प्राधिकरणाचा चाचणीसाठीचा सँडबॉक्स आहे, त्याचीच ओळखपत्रं इथे ठेवावीत.

राहिलं वेळापत्रक. रात्रीच्या बिल्डसाठी क्रॉनमध्ये सवयीने वार १-५ लिहिला जातो, म्हणजे सोमवार ते शुक्रवार. सौदीत जून २०१३ पर्यंत गुरुवार-शुक्रवार सुट्टी होती. तेव्हापासून ती शुक्रवार-शनिवार आहे. रियाधचा कामाचा आठवडा रविवार ते गुरुवार, म्हणजे क्रॉनच्या भाषेत ०-४. शिवाय जेन्किन्स वेळ धरतो ती सर्व्हरची. सर्व्हर भारतीय वेळेवर असेल, तर आपल्या रविवारचे पहाटेचे दोन म्हणजे रियाधचे शनिवार रात्रीचे साडेअकरा. क्रॉनच्या वर टाइमझोनची ओळ लिहून एशिया-रियाध सांगता येतं. तिथे घड्याळ उन्हाळ्यात पुढे-मागे होत नाही, त्यामुळे अडीच तासांचं अंतर वर्षभर तेवढंच राहतं. पुण्याच्या टीमने शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेला बदल रविवारी सकाळी रियाधमध्ये वापरला जाणार असेल, तर रियाधच्या शनिवारी रात्रीही एक बिल्ड लावावा आणि त्याच्या अपयशाची मेल रविवारी जो जागेवर असतो त्याच्याकडे जाऊ द्यावी.