सेंट ऑगस्टिनच्या पोरांचा बँड

लग्नाच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. उजेड त्यांनी द्यायचा आणि मिरवायचे दुसऱ्यांनी. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरातही हीच रीत होती. ख्रिस्ती लोकांचा उपवासाचा काळ सुरू होण्याआधी तिथे 'मार्दी ग्रा' नावाचा मोठा उत्सव होतो. रात्रीच्या मिरवणुकीत गोऱ्या शेठलोकांचे रथ उजळावेत म्हणून पेटत्या मशाली धरून चालायचे ते काळे लोक. बघे त्यांच्यापुढे चिल्लर फेकायचे. त्याच शहरातील काळ्या मुलांच्या एका कॅथॉलिक हायस्कूलची हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सेंट ऑगस्टिन हायस्कूल 1951 साली सुरू झाले. ते काढले जोसेफाइट संघाच्या धर्मगुरूंनी. हा संघ काळ्या समाजातच काम करणारा. शाळा केवळ मुलांची. त्या काळी लुईझियाना राज्यात काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या शाळा अलग असत. याच शहरातील होमर प्लेसी गोऱ्यांच्या डब्यात बसला म्हणून 1892 साली पकडला गेला, आणि 1896 साली सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' हे तत्त्व उचलून धरले. चर्चमध्येही काळ्यांनी मागच्या बाकावर बसायचे. देव एक, बाक वेगळा! आमच्या वाचकांना हे फोड करून सांगायला नको.

म्हणजे ही शाळा भेदभावाच्याच पोटी जन्मली. त्याच सुमारास, 1950 साली, बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद झाले. पण त्याचे दार सर्वांना उघडे होते. न्यू ऑर्लिन्समध्ये ती मोकळीक नव्हती. आर्चबिशप रमेल यांनी 1956 साली पत्रक काढून वर्णभेद हे पाप आहे असे सांगितले. कॅथॉलिक शाळांची दारे सर्व मुलांना उघडली 1962 साली. विरोध करणाऱ्या तिघांना त्यांनी धर्मबहिष्कृत केले हे खरे, तरी मध्ये सहा वर्षे गेली. परिपत्रक आणि अंमलबजावणी यांतले अंतर आम्हा कारकून मंडळींना चांगले ठाऊक आहे.

पुढची लढाई मैदानावरची. राज्यातील शालेय क्रीडा संघटनेत सगळ्या गोऱ्यांच्या शाळा. तिने सेंट ऑगस्टिनला सभासदत्व नाकारले. आमची संघटना खाजगी आहे, कुणाला घ्यायचे ते आम्ही ठरवू, असा तिचा पवित्रा. शाळा कोर्टात गेली. कोर्टाने पाहिले, की सभासदांत बहुसंख्य शाळा सरकारी आहेत. मग हा कारभार खाजगी कसा? 1967 साली निकाल शाळेच्या बाजूने लागला, 1968 साली अपिलातही टिकला. पुढे 1975 साली याच शाळेने फुटबॉलचे राज्य अजिंक्यपद घेतले.

पण शहराच्या तोंडी नाव झाले ते बँडमुळे. एडविन हॅम्प्टन हे बँडमास्तर 1952 पासून शाळेत. शिस्त कडक, पाऊल एकसारखे, पोशाख जांभळा आणि सोनेरी. या बँडला 'मार्चिंग हंड्रेड' म्हणतात. 1967 साली 'रेक्स' या बड्या गोऱ्यांच्या मिरवणुकीत तो वाजत गेला. त्या मिरवणुकीत काळ्यांचा बँड पहिल्यांदाच! रस्त्यावरून शिव्या आल्या, लोक थुंकले, वस्तू फेकल्या. पंधरा-सोळा वर्षांची पोरे. हातात मशाल नाही, वाद्य. रांग मोडली नाही, सूर तुटला नाही. आपल्याकडे 14 एप्रिलच्या मिरवणुकीत ज्यांनी दगड येताना पाहिले आहेत, त्यांना या संयमाची किंमत कळेल.

ऑगस्ट 2005 मध्ये कतरिना वादळात बांध फुटले, शाळा पाण्याखाली गेली. जानेवारी 2006 मध्ये मुलींच्या दोन शाळांबरोबर मिळून वर्ग भरवले आणि त्याच वर्षी पुन्हा स्वतःच्या इमारतीत परतले. जॉन बॅटिस्ट हा विख्यात संगीतकार इथलाच विद्यार्थी. 2022 साली ज्या आल्बमला त्याला ग्रॅमीचा सर्वोच्च मान मिळाला, त्यात शाळेचा बँड वाजला आहे.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. शाळेत लाकडी फळीने मार देण्याची पद्धत होती. 2011 साली आर्चबिशप म्हणाले, हे बंद करा. तेव्हा पालक आणि माजी विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पण मारू नका म्हणून नव्हे, तर आमची फळी आम्हाला ठेवू द्या म्हणून! आमची मुले कशी वाढवायची हे बाहेरच्यांनी का ठरवावे, हा त्यांचा सवाल. तो सवाल आम्हाला समजतो. ज्यांच्याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनीच ठरवले, ते असे बोलणारच. तरी 1967 च्या पोरांना रांगेत ठेवले ते फळीने, हे आम्हाला पटत नाही. फळी बंद झाली ती बंदच राहिली. शाळा चालू आहे. तिच्यासमोरच्या रस्त्याला आज ए. पी. ट्युरो यांचे नाव आहे. शहरातील शाळांचे दरवाजे काळ्या मुलांना उघडावेत म्हणून ते आयुष्यभर कोर्टात उभे राहिले.