मुलांच्या इमर्जन्सीत नंतर आलेल्याला आधी का घेतात?

रात्रीचे अकरा वाजले आहेत. बाळाला १०२ ताप आहे. बेलापूरहून टॅक्सी करून तुम्ही मुलांच्या रुग्णालयात पोहोचता, केसपेपर काढता आणि तासभर थांबता. तेवढ्यात मागून आलेल्या एका मुलाला थेट आत नेतात. "आम्ही आधी आलो होतो ना?" तुमचा राग मी समजू शकतो. पण इमर्जन्सीतली रांग वेळेवर नाही, धोक्यावर ठरते.

ट्रायाज म्हणजे काय?

आल्या आल्या नर्स किंवा डॉक्टर मिनिटभर मुलाकडे पाहतात: श्वास कसा आहे, हातपाय गार आहेत का, मूल शुद्धीवर आहे का, आकडी येते आहे का, अंगातले पाणी कमी झाले आहे का. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत यावरून तीन गट होतात: लगेच उपचार हवेत, लवकर तपासायला हवे आणि थांबले तरी चालेल. म्हणजे तुम्हाला थांबवले, तर त्या क्षणी तुमच्या बाळाच्या जिवाला धोका दिसलेला नाही.

गर्दी का होते?

पावसाळ्यात व्हायरल ताप, जुलाब, डेंग्यू आणि दम्याची मुले एकाच वेळी येतात. संध्याकाळी ओपीडी बंद होते आणि आईबाबा कामावरून घरी येतात, त्यामुळे रात्री गर्दी वाढते. परळचे वाडिया रुग्णालय १९२९ पासून मुलांसाठी चालते. तिथे मुंबईबाहेरूनही मुले येतात. आत एक गंभीर मूल असेल तर एक जण ऑक्सिजन बघतो, दुसरा शीर शोधतो, तिसरा औषध मोजतो. तेवढा वेळ बाहेरची रांग हलत नाही.

लगेच न्या

- तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ किंवा जास्त ताप
- श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, ओठ निळे पडणे
- वर्षाखालील बाळाचा (दोन महिन्यांवरील) श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त
- आकडी येणे, मूल नीट जागे न होणे
- सहा-आठ तास लघवी न होणे, काहीही पोटात न टिकणे
- ताप उतरताना पोटात जोरात दुखणे, सतत उलट्या, रक्तस्राव (डेंग्यूचा धोका)

आकडी आली तर मुलाला कुशीवर झोपवा. तोंडात चमचा घालू नका, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे.

मूल मोठे आहे, ताप उतरल्यावर खेळते, पाणी पिते, लघवी करते? मग बहुधा सकाळी जवळच्या डॉक्टरांकडे नेले तरी चालते. शंका असेल तर मात्र थांबू नका.

जाताना आणि थांबताना

औषधाची बाटली सोबत न्या. पॅरासिटामॉलच्या सिरपमध्ये पाच मिलीला १२५ मिलिग्रॅम असते, तसेच २५० सुद्धा असते. "एक चमचा दिला" एवढ्यावरून डोस कळत नाही. किती वाजता, किती मिली दिले ते लिहून ठेवा. मुलाचे वजन आणि लसीकरणाचे कार्डही हवे.

आता सर्वांत महत्त्वाचे. जोरात रडणाऱ्या मुलाकडे सगळ्यांचे लक्ष जाते. धोका अनेकदा गप्प पडलेल्या मुलाला असतो. जुलाब झालेले मूल मलूल होऊन पडते आणि घरचे म्हणतात, "आता शांत झोपलाय." म्हणून रांगेत बसल्यावरही मुलाकडे बघत राहा. ते सुस्त झाले, श्वास वाढला, हातपाय गार पडले, तर नंबराची वाट पाहू नका. उठून नर्सला सांगा, "याची तब्येत बदलली आहे, पुन्हा बघा." असे सांगणे म्हणजे रांग मोडणे नव्हे. ट्रायाज एकदाच करून संपत नाही आणि त्या मुलाला सर्वांत जवळून तुम्हीच पाहत असता.